वृद्ध घोड्याचे लंगडणे

घोडा का अडला आणि भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे उत्तर महाराष्ट्रात पोराटोरांनाही ठाऊक असते: फिरविली नाही म्हणून. तरण्या घोड्याच्या बाबतीत हे उत्तर बिनचूक आहे. परंतु घोड्याने विशी गाठली आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी पुनःपुन्हा लंगडू लागला, म्हणजे तेच उत्तर अर्धे खरे ठरते. कोणत्या लंगड्या घोड्याला फिरवावयाचे आणि कोणत्याला जागचे हलू द्यावयाचे नाही, हे ओळखण्यातच त्याच्या उतारवयाचे बरेचसे पथ्य सामावलेले आहे.

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील गाव. 1949 मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले तोपर्यंत ते गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत असे. आज त्याच्या सभोवार उसाचे मळे आहेत आणि कापडाचे कारखानेही आहेत. टांग्यांचा जमाना सरला, तरी वरातीच्या घोड्याचे महत्त्व या टापूत अद्याप कमी झालेले नाही. पूर्वेकडे तापीच्याच काठी, सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. वरातीसाठी घोडा बाळगणाऱ्या कुटुंबाची वर्षाची मिळकत लग्नसराईच्या थोड्या महिन्यांत व्हावयाची असते. त्यामुळे घोड्याचे लंगडणे हा जितका दयेचा, तितकाच पोटाचाही प्रश्न होऊन बसतो.

प्रथम पाय कोणता, हे ठरवावे. घोड्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. साहजिकच दुखणेही बहुधा तेथेच उद्भवते. कठीण, सपाट जमिनीवर त्याला दुडक्या चालीने नेले असता दुखरा पुढचा पाय टेकताना तो मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली घालतो. त्यानंतर खूर उचलून तळवा स्वच्छ करावा व न्याहाळावा. खिळा, खडा, कुजका वास, यांपैकी काही आढळले तर निदान तेथेच होऊन जाते. पावसाळ्यात मऊ झालेल्या खुरात घाण शिरून पू धरतो आणि कालपर्यंत धडधाकट असलेला घोडा आज पाय टेकेनासा होतो. हे दुखणे भयंकर दिसले तरी पशुवैद्याने पूस वाट करून दिली म्हणजे बहुधा लवकर उतरते. मात्र घोड्याला धनुर्वाताचे भय फार असल्याने ती लस चुकवू नये.

म्हाताऱ्या घोड्याचे खरे दुखणे दोन प्रकारचे. पहिले सांध्यांच्या झिजेचे. असा घोडा सकाळी आखडलेला असतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. त्याला दिवसभर आखूड दोरीने बांधून ठेवणे हाच अपाय होय. मऊ जमिनीवर रोज थोडे, पण न चुकता फिरविणे हे त्याचे औषध. येथे कोड्यातले उत्तर लागू पडते.

दुसरे दुखणे याच्या नेमके उलट आहे. खुराच्या भिंतीला आतील हाड शेकडो नाजूक पापुद्र्यांनी जखडलेले असते. या पापुद्र्यांना सूज आली, की खूर तापतो, घोट्याजवळची नाडी जोराने उडू लागते, आणि घोडा पुढचे पाय पुढे ताणून टाचांवर भार देऊन उभा राहतो. अशा वेळी त्याला फिरविणे म्हणजे हाड खुरापासून सुटण्यास हातभार लावणे. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवावे, खाली वाळूचा जाड थर द्यावा, दाणा तत्काळ बंद करावा आणि पशुवैद्यास त्याच दिवशी बोलवावे.

या दुखण्याचे मूळ पुष्कळदा चंदीत असते. उसाच्या मुलखात गूळ, मळी आणि उसाचे तुकडे हाताशी असतात. लाडाने घोड्यापुढे तेच येते. पण फार साखर व फार दाणा हे या रोगाला आमंत्रण होय. पंधरा वर्षांपुढील घोड्यात मेंदूतळाच्या ग्रंथीचा विकारही यामागे असू शकतो. अंगावरील लांब केस उन्हाळ्यातही झडत नाहीत, ही त्याची खूण. रक्ततपासणीने तो कळतो आणि रोजच्या औषधाने आटोक्यात राहतो. गव्हाच्या कोंड्याचा अतिरेकही असाच घातक. त्यात स्फुरद फार आणि चुना अगदी थोडा. परिणामी हाडे ठिसूळ होतात आणि घोडा आज या, तर उद्या त्या पायाने लंगडतो. चांगले वाळलेले गवत हाच वृद्ध घोड्याचा मुख्य आहार असावा. दात झिजले असतील तर ते बारीक कापून, भिजवून द्यावे.

नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी झालीच पाहिजे. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, पण पुढे वाढलेला खूर प्रत्येक पावलाला सांध्यावर ताण आणतो. लग्नाच्या रात्री वेदनाशामक देऊन घोडा उभा करण्याचा मोह मात्र टाळावा. वेदना दबते, इजा दबत नाही. शिवाय ही औषधे सल्ल्यावाचून वरचेवर दिल्यास पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. वय किंवा व्याधी यांमुळे अपात्र झालेल्या जनावराला कामास जुंपणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि सबळ कारणावाचून त्याला वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हाच आहे.

यास्तव सुज्ञ मालक हिशेब आधी मांडतो. जुना घोडा अठरा-वीस वर्षांचा होताच तो दुसरे शिंगरू तयार करावयास घेतो आणि जुन्याचे काम हळूहळू कमी करीत जातो. निवृत्त घोडा पंचविशीपर्यंत, क्वचित तिशीपर्यंतही जगतो. त्याच्या दाणावैरणीची तरतूद त्याच्या कमाईच्या वर्षांतच करावी लागते. ती झेपत नसेल तर पांजरपोळाचा मार्ग आहे. गुजरातेत ही परंपरा जुनी आहे. उपाय थकले, घोडा दिवसाचा बराच वेळ आडवा राहू लागला, दाण्याच्या आवाजानेही उठेनासा झाला, तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित शेवट करविणे हीदेखील सेवाच होय. ज्याच्या पाठीवरून गावातले निम्मे नवरदेव मांडवापर्यंत पोचले, त्याच्या अखेरच्या दिवसांचा निर्णय उद्याच्या वरातीची सुपारी पाहून होऊ नये.