ठिसूळ हाडे आणि व्यायाम

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत त्याचे निदान एका आकड्यावर, म्हणजे टी-स्कोअरवर होते. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस आणि उणे 1 ते उणे 2.5 च्या दरम्यान असेल तर त्याची आधीची पायरी, ऑस्टिओपेनिया. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये घालून दिलेली ही मोजपट्टी आजही वापरात आहे. रिपोर्ट घरी आला की पहिला सल्ला मिळतो तो 'आता काही उचलायचे नाही, वाकायचे नाही, बसून राहायचे' असा. यातला वाकण्याबद्दलचा भाग बराचसा खरा आहे. बसून राहण्याचा सल्ला मात्र नुकसानच करतो.

हाड ही जिवंत वस्तू आहे. जुने हाड झिजवून काढणाऱ्या पेशी आणि नवे रचणाऱ्या पेशी यांचे काम शरीरात जन्मभर चालू असते. कुठे किती रचायचे, याचा अंदाज हाडाच्या आत दडलेल्या पेशी घेतात आणि तो घेतात हाडावर पडणाऱ्या भारावरून. भार गेला की रचनाही मंदावते. अंतराळवीरांच्या खुब्यांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटू शकते आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही गत अशीच होते. भाराप्रमाणे हाड स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडले होते.

मात्र कोणताही भार चालत नाही. रोजच्या सवयीचा भार हाडाच्या अंगवळणी पडलेला असतो, त्याला ते फारशी दाद देत नाही. म्हणून सकाळचा फेरफटका हृदयाला, साखरेला आणि मनाला कितीही चांगला असला, तरी एकट्याच्या बळावर तो हाडांची घनता फारशी वाढवत नाही. पोहताना पाणी वजन तोलून धरते आणि सायकलवर ते बैठकीवर जाते, त्यामुळे हाडांच्या दृष्टीने हे दोन्ही व्यायाम चालण्याच्याही मागे पडतात. हाडाला लागतो तो नेहमीपेक्षा जास्त, थोडा थोडा वाढत जाणारा भार.

आता वाकण्याविषयी. मणक्याचा पुढचा, पिंपासारखा भाग आतून जाळीदार असतो आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये आधी विरळ होते ती हीच जाळी. पाठ गोल करून पुढे वाकले की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. कड दबते, मणका पाचरीसारखा होतो आणि पाठीला पोक येतो. पोक आला की शरीराचा तोल आणखी पुढे झुकतो आणि शेजारच्या मणक्यांवरचा ताण वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी यांनी 1984 मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मणके ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांचे त्यात वेगवेगळे गट होते. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के जणींचे मणके पुढे आणखी दबले. पोटातून पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण 89 टक्के निघाले आणि काहीच न करणाऱ्यांत 67 टक्के. गट लहान होते, त्यामुळे नेमक्या टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नये. पण चुकीचा व्यायाम काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतो, हा त्यातला इशारा आजही पाळला जातो.

महाराष्ट्रात हा इशारा थेट सूर्यनमस्काराला जाऊन भिडतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून रुजवलेल्या या व्यायामात प्रत्येक नमस्कारात दोनदा, पाय ताठ ठेवून हात जमिनीला टेकवावे लागतात. वर्षानुवर्षे नमस्कार घालणाऱ्या स्त्रीची पाठ साठीतही लवचीक असते आणि धोका आहे तो तिथेच. शरीर सहज वाकते, म्हणून आतले हाड विरळ झाल्याचा संशयही येत नाही. एरवी ठणठणीत असलेल्या स्त्रियांचे मणके पुढे वाकण्याच्या आसनांनंतर दबल्याच्या नोंदी सिनाकी यांनीच 2013 मध्ये प्रसिद्ध केल्या. पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन, झटक्याने पीळ देणारी आसने आणि मानेवर भार टाकणारी शीर्षासन-सर्वांगासने ऑस्टिओपोरोसिसमध्ये वर्ज्य समजावीत. जिममधले क्रंचेस त्याच यादीतले. योगच सोडावा, असा याचा अर्थ नाही. ताडासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, बेताचे भुजंगासन आणि शलभासन उपयोगी पडतात. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात रूढ केलेली भिंत, खुर्ची आणि पट्ट्यांची साधने इथे खरोखर कामी येतात, फक्त शिक्षकाला रिपोर्ट आधी दाखवलेला असावा.

व्यायामाचा अर्धा तास सांभाळला आणि उरलेला दिवस कमरेतून वाकत काढला, तर उपयोग थोडाच. केरसुणीने केर काढणे, भरलेली बादली उचलणे, पलंगाखालचा डबा ओढणे, गादीची चादर खोचणे या कामांत पाठ नकळत गोल होते. लांब दांड्याचा झाडू घ्यावा, बादली अर्धीच भरावी. खालची वस्तू घेताना पाय फाकवून उभे राहावे, पाठ सरळ ठेवून नितंब मागे न्यावेत आणि गुडघे वाकवावेत. वाकणे खुब्यातून व्हावे, मणक्यातून नव्हे. वस्तू पोटाजवळ धरूनच उठावे. बिछान्यातून सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांवर जोर देत उठावे.

पाठीचे स्नायू बळकट करण्याचा फायदा बराच काळ टिकतो. सिनाकी यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात स्त्रिया पालथ्या झोपून, पाठीवर वजनाची पिशवी घेऊन छाती किंचित वर उचलत. आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी दहादा. हे दोन वर्षे चालले. नंतर आठ वर्षांनी तपासले, तर व्यायाम न केलेल्या गटात मणके दबण्याचे प्रमाण पावणेतीनपट निघाले.

वजनांचे काय? ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हाडे विरळ झालेल्या, 58 वर्षांवरील स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम केला. वजने खरोखर जड होती. कंबरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती सव्वा टक्क्याच्या आसपास घटली. पण पहिला महिना फक्त पद्धत शिकण्यात गेला होता आणि शेवटपर्यंत प्रशिक्षकाची नजर होती. व्हिडिओ पाहून घरीच डेडलिफ्ट सुरू करण्याला हा प्रयोग मुळीच परवाना देत नाही. सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्याने, भिंतीवरच्या दंडांनी आणि एक-दोन किलोच्या डंबेलने करावी आणि वजन महिन्या-महिन्याने वाढवावे.

खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक वेळा पडल्यामुळे. म्हणून तोल सांभाळण्याच्या सरावाला वजनांइतकेच महत्त्व आहे. ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, टाचेला चवडा जोडून सरळ रेषेत चालणे, चवड्यांवर उठणे हे रोज दोन-तीनदा, मिनिटभर केले तरी हळूहळू फरक जाणवतो. ताई-ची या चिनी व्यायामाने पडण्याचे प्रमाण घटते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याच जोडीला न्हाणीघरात धरायला दांडा आणि रात्री दिवा हवा.

उंची चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घटली असेल, पोक वाढत असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ चालू असतील, तर व्यायाम सुरू करण्याआधी पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा, कारण दबलेल्या मणक्यांपैकी बरेचसे कुठलीच तक्रार न करता दबलेले असतात. आधीच मणका दबलेला असेल तर उड्या आणि जड वजने बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाठ ताणण्याचे हलके व्यायाम करावेत. डॉक्टरांनी दिलेली औषधे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व व्यायामाच्या भरवशावर बंद करू नयेत. नव्या व्यायामाने मांड्या-दंड दोन दिवस दुखणे साहजिक आहे. पाठीत एका ठराविक जागी अचानक कळ येऊन ती उभे राहताच वाढत असेल आणि आडवे होताच कमी होत असेल, तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.