अणशीतल्या पोरांना दीड लाखाचं अनुदान मिळेलही, पण घेणार कोणाच्या नावावर?

जोयडा : कारवारहून कद्रामार्गे घाट चढून वर आलं की अणशी लागतं. घरं विखुरलेली, मध्ये थोडी भातशेती आणि चहूबाजूंनी जंगल. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली जाहीर झालं. २००७ मध्ये दांडेली अभयारण्यासह हा पट्टा व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ च्या अखेरीस त्याला काळी नदीचं नाव मिळालं. याच नदीवर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा इथे वीज तयार होते. सगळी मिळून क्षमता बाराशे मेगावॅटच्या वर. तरीही दहावी-बारावी झालेल्या इथल्या पोरांचा पुढचा रस्ता बहुतेक वेळा गोव्याकडे जातो.

गाव सोडण्यासाठी सरकारकडे ठरलेली रक्कम आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख रुपये मिळत होते, २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. गावातच राहून काही करायचं म्हटलं तर मात्र एका खिडकीवर मिळणारी अशी रक्कम नाही. तिथे असतात ती छोटी अनुदानं. कोणी ५० हजार देतं, कोणी दोन लाख, क्वचित कोणी त्याहून जास्त. पर्यावरण, पाणी, बियाणं, ऊर्जा अशा कामांसाठी तरुणांच्या गटांना ही अनुदानं देण्याचं प्रमाण जगभर वाढलं आहे. ती अणशीसारख्या गावात पोहोचतात का आणि पोहोचत नसतील तर अडतात कुठे, हे समजून घ्यायला हवं.

छोटं अनुदान म्हणजे काय?

मोठ्या योजनेत काम वरून ठरतं आणि गाव लाभार्थी असतो. छोट्या अनुदानात काम गाव ठरवतं, देणारा फक्त पैसे आणि मुदत ठरवतो. या पद्धतीचं सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम. १९९२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत, म्हणजे यूएनडीपीमार्फत चालतो. एका प्रकल्पाला साधारण ५० हजार डॉलरपर्यंत मदत, ती स्थानिक संस्था आणि लोकांच्या गटांना, आणि गावानेही आपला वाटा घालायचा, असं त्याचं स्वरूप. हा वाटा रोखच हवा असं नाही. श्रम, जागा, लाकूड, बैलजोडी यांचीही किंमत धरली जाते.

पश्चिम घाटासाठी आणखी एक निधी येऊन गेला. क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंड या आंतरराष्ट्रीय निधीने २००८ ते २०१५ या काळात घाटातल्या संस्थांना पैसे दिले. त्यातली २० हजार डॉलरपर्यंतची छोटी अनुदानं बेंगळुरूच्या एट्री या संशोधन संस्थेमार्फत वाटली गेली.

उत्तर कन्नड जिल्ह्यातलं उदाहरण पाहायचं तर होन्नावर तालुक्यातल्या कासरकोडचा स्नेहकुंज ट्रस्ट. चार दशकांहून अधिक काळ या संस्थेने खाडी, किनारा आणि गोड्या पाण्याच्या दलदलींवर गावकऱ्यांना घेऊन काम केलं. २०२१ मध्ये तिला यूएनडीपीचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे जिल्ह्यात असं काम होतं आणि त्याची दखलही घेतली जाते. फरक इतकाच की स्नेहकुंज ही नोंदणी, लेखापरीक्षण आणि जुनं बँक खाते असलेली संस्था आहे. अणशीत एखाद्या देवळाच्या पायरीवर बसून ठरवणाऱ्या आठ पोरांकडे यातलं काहीच नसतं.

पहिली अडचण : पैसे घेणार कोण?

अनुदान व्यक्तीच्या बचत खात्यात सहसा येत नाही, त्यासाठी संस्था लागते. कर्नाटकात १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद असले की नोंदणी करता येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात १८६० चा केंद्रीय कायदा लागू आहे आणि तिथेही आकडा सातच आहे. महाराष्ट्रात मात्र अशी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. चंदगड, बेळगाव किंवा काणकोणचे वाचक एकमेकांचे कागद पाहून अर्ज भरायला गेले तर इथेच घोळ होतो.

नोंदणी झाली म्हणजे संपलं असंही नाही. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, तो २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतो. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. कैग्याचा अणुऊर्जा प्रकल्प आणि दांडेलीचा कागद कारखाना जवळ असल्याने पोरांचं लक्ष आधी तिकडेच जातं. पण १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून केंद्राकडे नोंद करावी लागते. त्यासाठी आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही नोंदणी आधी हवी. नव्या गटाला हे सगळं एका वर्षात जमणं कठीण.

परदेशी पैशांचं गणित आणखी वेगळं. विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पूर्वी यातून एक वाट निघायची. मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि त्यातला वाटा नोंदणीकृत छोट्या संस्थांना द्यायची. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ही वाट बंद झाली. आता मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या कुठल्याही संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

यात एक बारकावा मात्र फायद्याचा आहे. संयुक्त राष्ट्रं, त्यांच्या विशेष संस्था आणि जागतिक बँक यांना कायद्याने 'विदेशी स्रोत' या व्याख्येतून वगळलं आहे. त्यामुळे परदेशातून येणारा प्रत्येक रुपया एफसीआरएच्याच चाळणीतून जातो, हा समज चुकीचा आहे. अर्ज करण्याआधी पैसे नेमके कुणाकडून येणार, हे लेखी विचारून घ्यावं.

दुसरी अडचण : काम कोणत्या जमिनीवर?

अणशीत हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा ठरू शकतो. राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो. तिथे परवानगीशिवाय ओढ्यावर बांध घालणं, झाडं लावणं किंवा पाणी वळवणं हा गुन्हा ठरू शकतो. हेतू कितीही चांगला असला तरी त्याने सुटका होत नाही. म्हणून पहिलं काम मालकीच्या जागेवर, परसात, गोठ्यात, शाळेत किंवा घराच्या छपरावर बसेल असं निवडणं शहाणपणाचं.

सामूहिक कामासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) माहीत असायला हवं. शाळा, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय, लहान जलसाठे, अपारंपरिक ऊर्जा अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. म्हणजे वाडीवरच्या ओहोळावर छोटं जलविद्युत चाक बसवायचं असेल तर देणगीदाराकडे जाण्याआधी ग्रामसभेत ठराव हवा. ठराव नसेल तर मंजूर झालेलं अनुदानही परत जाऊ शकतं.

समाजाच्या दाखल्याचाही फरक पडतो. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटाच्या या बाजूला जोयड्यातले कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. काणकोणच्या नातेवाइकाला आदिवासी विकासाची एखादी योजना मिळाली म्हणून अणशीतल्या पोराने तोच अर्ज भरला तर तो पहिल्याच टेबलावर अडतो.

तिसरी अडचण : पैसे कधी येणार?

जोयडा कंदमुळांसाठी ओळखला जातो. मुडली, कोनफळ, कणगर, करांदे असे कंद कुणबी घरांच्या परसात पिढ्यान् पिढ्या जपले गेले आहेत. थंडीत जोयड्यात कंदांचा मेळाही भरतो. समजा, अणशीतल्या आठ जणांनी बियाण्याच्या कंदांची बँक करायची ठरवली. दीड लाखाचा अंदाज साधारण असा मांडता येईल :

- बियाण्याचे कंद आणि वाहतूक : ३०,००० रुपये
- रानडुक्कर आणि साळिंदरापासून कुंपण : ४५,०००
- साठवणीचे मांडव : २५,०००
- वजनकाटा, पिशव्या, लेबल : २०,०००
- प्रशिक्षण आणि बैठका : १२,०००
- हिशेब तपासणी, बँक, झेरॉक्स, प्रवास : १८,०००

शेवटची ओळ पोरं हमखास विसरतात आणि मग सनदी लेखापालाची फी खिशातून भरतात. इथे ती रक्कम १२ टक्के आहे, त्यावर कुणी देणगीदार नाक मुरडणार नाही. आठ जणांनी प्रत्येकी २० दिवस काम केलं तर १६० मजूरदिवस होतात. दिवसाला ४०० रुपये धरले तर गावाचा वाटा ६४,००० रुपये झाला. त्यासाठी हजेरीचं पुस्तक पहिल्या दिवसापासून हवं, नंतर आठवून लिहिलेली हजेरी तपासनीस मान्य करत नाही.

आता महिने पाहा. कंद पावसाच्या तोंडावर लावतात आणि थंडीत काढतात. म्हणजे पैसे मे महिन्यात हातात हवेत. मंजुरी जूनमध्ये आणि पहिला हप्ता ऑगस्टमध्ये आला तर लावणीचा हंगाम गेला. मार्चअखेर विनियोग प्रमाणपत्र मागितलं जाईल तेव्हा दाखवायला फक्त कुंपण उरेल. शेतीचं वर्ष आणि आर्थिक वर्ष जुळत नाही, ही गोष्ट अर्जातच लिहावी आणि मुदत पुढच्या मेपर्यंत मागून घ्यावी. अर्जात कारण लिहिलेलं असेल तर मुदत मिळवणं सोपं जातं.

रोख व्यवहारही जपून करावा. एकाच व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर धर्मादाय संस्थेच्या हिशेबात तो खर्च आयकरासाठी धरला जात नाही. गावात नेटवर्क नसलं तरी धनादेश चालतो.

मग सुरुवात कुठून?

नवी संस्था काढण्याआधी गावात आधीच असलेली नावं तपासावीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावातली पिकं, झाडं आणि त्यांचं ज्ञान यांची नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. कायद्याच्या कलम ४३ मध्ये तिच्यासाठी स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. कंदांच्या जातींची नोंद करणं हे तरुणांना सहज जमणारं काम आहे आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाला पुरावा म्हणून जोडता येते.

दुसरं नाव वनखात्याच्या परिसर विकास समितीचं. २००६ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असतं आणि लोकांच्या सहभागातून परिसर विकास हा त्याच्या उद्देशांपैकी एक आहे. तिसरं, महिला बचत गट. त्यांचं खातं आणि हिशेबाची सवय दोन्ही तयार असतं. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी यूएनडीपीच्या प्रकल्पाच्या मदतीने कांदळवन सफर सुरू केली. सुरुवातीला मदत बाहेरची होती, पुढचं उत्पन्न तिकिटातून. रत्नागिरीतल्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव आला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच झाली. दोन्ही ठिकाणी काम आधी दिसलं आणि पैशाची सोय त्याच्या आधाराने उभी राहिली.

अणशीतल्या पोरांनी या पावसाळ्याआधी तीन कागद तयार ठेवले तरी पुष्कळ झालं : ग्रामसभेचा ठराव, जमीन कोणाची हे दाखवणारा उतारा आणि पैसे कोणत्या खात्यात घेणार याचं संमतीपत्र. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये भरावा लागेल, त्यासाठी शाळेतल्या मास्तरांची मदत घेता येईल. हे तीन कागद मात्र गावातच तयार करावे लागतात, आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.