यू मुंबा : एका कबड्डी संघाची गोष्ट आणि आपली लेकरं



"सर, लेकरू नुसतं कबड्डी खेळायलंय. ह्यानं पुढं काय होणार?" हा प्रश्न आपल्या लातूर-नांदेडकडं शिक्षकाला वर्षातून दहा वेळा तरी ऐकावा लागतो. साहजिकच आहे. 'लातूर पॅटर्न'मुळं आपल्याकडं आठवीपासूनच घराघरात मार्कांचा हिशेब सुरू होतो. खेळाचा तास आला की तो गणिताला जातो. दुसरीकडं तेच लेकरू रात्री टीव्हीवर प्रो कबड्डी बघतं, खेळाडूला कोटीची बोली लागलेली ऐकतं आणि म्हणतं, "मी पण होणार."

पालक म्हणतात काहीच होणार नाही, लेकरू म्हणतं कोटी मिळणार. ह्या दोन टोकांच्या मध्ये खरं काय आहे, हे समजून घ्यायला एका व्यावसायिक संघाचा इतिहास फार उपयोगी पडतो. म्हणून आज आपण मुंबईच्या 'यू मुंबा' ह्या संघाची गोष्ट पाहू.

मातीतून मॅटवर

कबड्डी आपल्या मातीतला खेळ. महाराष्ट्रात तो हुतुतू म्हणूनही खेळला जायचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डी होती. पुढं शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी ह्या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं.

तरीही कबड्डी खेळून पोट भरायचं म्हणजे नोकरी हाच मार्ग होता. रेल्वे, सेनादल, पोलीस, भारत पेट्रोलियम यांच्यासारख्या संघांत जागा मिळाली की खेळाडूचं भलं झालं, असं समजायचे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र बदललं. आठ शहरांचे आठ संघ, लिलावातून घेतलेले खेळाडू, मातीऐवजी मॅट आणि रोज टीव्हीवर सामने. त्या आठांपैकी एक म्हणजे यू मुंबा.

तीन वर्षं, तीन अंतिम सामने

लीगचा पहिलाच सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीला झाला. यू मुंबानं जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असं हरवलं. गंमत बघा, ३१ ऑगस्टला अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि ह्या वेळी जयपूरनं ३५-२४ अशी बाजी मारली.

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, यू मुंबा पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेता झाला. तिसऱ्या हंगामात, मार्च २०१६ मध्ये, पुन्हा अंतिम सामना. ह्या वेळी पाटणा पायरेट्सनं ३१-२८ असं हरवलं. म्हणजे सलग तीन अंतिम सामने, त्यात एक विजय आणि दोन पराभव.

हा संघ एवढा मजबूत कशामुळं होता? त्यासाठी त्यातली माणसं आणि त्यांची कामं बघायला पाहिजेत.

अनुप कुमार : घाई न करणारा कर्णधार

कर्णधार होता हरियाणाचा अनुप कुमार. त्याला 'बोनसचा बादशहा' म्हणायचे. आता बोनस म्हणजे काय, हे ज्या पालकांनी खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाई करणाऱ्यानं बोनस रेषेच्या पलीकडं एक पाय टेकवायचा आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत ठेवायचा. कुणालाही न शिवता एक गुण मिळतो. दिसायला सोपं आहे, पण तोल गेला की पकड झालीच म्हणून समजा.

अनुप उड्या मारणारा, अंगावर जाणारा खेळाडू नव्हता. तो शांतपणे बचाव वाचायचा, एकेक गुण जमवायचा आणि संघ मागं पडला तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही. पहिल्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याचेच, १५५. ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला झालेल्या विश्वचषकात त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं इराणला ३८-२९ असं हरवलं. डिसेंबर २०१८ मध्ये तो निवृत्त झाला आणि नंतर पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला.

दोन कोपरे आणि मधली माणसं

टीव्हीवर आपल्याला चढाई दिसते, कारण त्या वेळी मैदानात एकटा माणूस सगळ्यांशी लढत असतो. पण सामने बहुधा बचावानं जिंकले जातात. सात बचावपटूंच्या साखळीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक असतात. कोपऱ्यातल्यानं घोटा धरायचा आणि त्याच क्षणी शेजारच्यानं येऊन चढाईपटूला झाकून टाकायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तर चढाईपटू धरणाऱ्यालाच ओढत मध्यरेषेपर्यंत जातो आणि गुण घेतो.

यू मुंबाकडं उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर आणि डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा होता. आतल्या बाजूला जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने. चढाईला अनुपच्या जोडीला शब्बीर बापू आणि सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा. ह्या रिशांकनं पुढं जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राचं कर्णधारपद सांभाळलं आणि आपल्या राज्याला ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळालं.

मोहित आणि सुरेंदर चौथ्या हंगामात बंगळुरूकडं गेले. अनुप कर्णधार होताच, तरी त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्या हंगामात यू मुंबाला बाद फेरी गाठता आली नाही. फक्त ह्या जोडीमुळंच असं झालं, असं म्हणता येणार नाही. पण वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून बसलेली सवय लिलावात वेगळी विकत मिळत नाही, एवढं नक्की.

फजल आणि सिद्धार्थ

आता २०१८ ची गोष्ट. यू मुंबानं इराणच्या फजल अत्राचलीला १ कोटी रुपयांना घेतलं. प्रो कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. डाव्या कोपऱ्यातून घोटा धरण्यात त्याचा हात धरणारा मिळणं अवघड. तो ह्या संघाला नवा नव्हता. २०१५ च्या विजेत्या संघातही होता. त्याच २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं भारताला उपांत्य फेरीत हरवलं आणि पुढं सुवर्ण जिंकलं, त्या इराणी संघातही फजल होता.

त्याच लिलावात यू मुंबानं ३६ लाख ४० हजारांना एक नवा पोरगा घेतला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी, २०१९ ला, तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. खेड्यातल्या लेकराची ही झेप खरी आहे, आणि ती लेकरांना जरूर सांगावी.

पण गोष्ट इथं थांबवू नका. पुढचं वर्षही सांगा. टायटन्सकडून खेळतानाही सिद्धार्थनं २०० च्या वर गुण मिळवले, म्हणजे तो कुठंच कमी पडला नाही. तरी त्याचा संघ गुणतक्त्यात खालीच राहिला. आणि त्याच्याशिवाय खेळणारा यू मुंबा, जो आदल्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात उत्तर प्रदेशकडून हरला होता, तो ह्या वेळी उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथं बंगालकडून ३७-३५ असा फक्त दोन गुणांनी हरला. फजलच्या नेतृत्वाखालचा बचाव एकत्र टिकला होता, त्याचा हा परिणाम.

आणखी एक गोष्ट. त्याच्या पुढच्या हंगामात खांद्याच्या दुखापतीमुळं सिद्धार्थला बहुतेक सामने बाहेर बसावं लागलं. कोटीची बोली लागलेला खांदाही शेवटी खांदाच असतो.

यू मुंबाची गोष्टही पुढं सरळ रेषेत गेली नाही. आठव्या, नवव्या आणि दहाव्या हंगामात बाद फेरी हुकली, २०२४ च्या अकराव्या हंगामात पुन्हा गाठली. अकरा हंगामांत विजेतेपद एकच, २०१५ चं. दरम्यान पुणेरी पलटणनं वेगळी वाट धरली. त्यांनी अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी तरुण पोरं घेतली आणि ती एकत्र ठेवली. १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असं हरवून तो संघ पहिल्यांदा विजेता झाला. कर्णधार होता आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम.

मग लेकराला काय सांगायचं?

आधी हिशेब करू. लीगमध्ये आता १२ संघ आहेत. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. १२ गुणिले २५ म्हणजे ३००. सगळा भारत, शिवाय इराणसारख्या देशांतले खेळाडू मिळून ह्या ३०० जागा. हा आकडा लेकरापासून लपवू नका. मुलींच्या पालकांना तर हेही सांगायला हवं की २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा झाली, पण मुलांइतकी मोठी, दरवर्षी चालणारी लीग मुलींसाठी उभी राहिलेली नाही.

पण म्हणून खेळ बंद करायचा का? अजिबात नाही. कारण ह्या ३०० जागांच्या खाली मोठा पाया आहे. शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत जातात. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस आणि सेनादलाच्या भरतीत मैदानावर घडलेलं शरीर कामाला येतं. रिशांकसारखा खेळाडूसुद्धा भारत पेट्रोलियमच्या संघातून पुढं आलेला आहे.

म्हणून पालकांना विनंती आहे की लेकराला मैदान किंवा पुस्तक, असं एकच निवडायला लावू नका. स्पर्धेची प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा, आपल्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नियम विचारून घ्या, आणि दुखापत झाली तर "खेळताना होतंच" म्हणून सोडून देऊ नका. गुडघा आणि खांदा एकदा गेला की मैदानही जातं आणि भरतीही.

शिक्षकांना विनंती एवढीच की खेळाचा तास खेळालाच द्या. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात चिखल होतो. त्यामुळं शाळेत मैदान करताना चाळलेली माती टाकून, खडे वेचून घ्या. मॅट नसली तरी चालेल, पण लेकरांचे गुडघे फुटायला नकोत.

वर्गात करता येण्यासारखं

१. गणित : पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, महिलांचं १२ मीटर बाय ८ मीटर. दोन्हीचं क्षेत्रफळ आणि परिमिती काढा. यू मुंबाच्या तीन अंतिम सामन्यांतला गुणांचा फरक काढा (११, ६ आणि ३).

२. भूगोल : हरियाणा, केरळ, मुंबई, चंदगड आणि इराण नकाशावर दाखवा. शब्बीर बापू केरळचा. एवढ्या लांबची माणसं एका संघात येऊन कोणत्या भाषेत बोलत असतील, ह्यावर चर्चा घ्या.

३. भाषा : चढाई, पकड, बोनस, लोण, मध्यरेषा हे शब्द वापरून शाळेतल्या एका सामन्याचं दहा ओळींचं वर्णन लिहून घ्या.

४. मैदानावर : सात जणांची एकच साखळी पंधरा दिवस न बदलता ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी किती पकडी जमल्या, त्याची नोंद मुलांनाच ठेवायला लावा. मग त्यांनाच विचारा, फरक कशामुळं पडला?

हा उपक्रम आपल्या शाळेत घेतलात तर पालकसभेत ती नोंदवही जरूर दाखवा. लेकरू मैदानावर नेमकं काय शिकतंय, हे पालकांना मार्कलिस्टवरून कळत नाही. ते त्या वहीत दिसेल.