संकेतस्थळ स्थलांतर

संकेतस्थळ स्थलांतर म्हणजे एखाद्या संकेतस्थळाच्या फाइली, डेटाबेस आणि त्याच्याशी जोडलेली ईमेल व्यवस्था एका होस्टिंग सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याची प्रक्रिया होय. शुल्कवाढ, अपुरी जागा किंवा सेवा बंद होणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. लहान वैयक्तिक संकेतस्थळांची देखभाल बहुधा एकच व्यक्ती करते. त्यामुळे स्थलांतरात हरवलेला मजकूर अनेकदा कायमचा नष्ट होतो. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत देवनागरी अक्षरे विस्कटण्याचा धोकाही असतो.

== पार्श्वभूमी ==

१९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर लोकांना स्वतःची पाने विनामूल्य ठेवता येत असत. याहू कंपनीने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता सर्वत्र बंद केली. जपानमधील सेवा २०१९ मध्ये बंद झाली. इंटरनेट अर्काइव्ह व स्वयंसेवकांच्या गटांनी अनेक पाने जतन केली. मात्र ज्यांनी आपला मजकूर अन्यत्र हलवला, त्यांचेही जुने पत्ते निकामी झाले, कारण ते पत्ते जिओसिटीजच्या नावाखालील होते.

== डोमेन नाव ==

डोमेन नाव आणि होस्टिंग या दोन स्वतंत्र सेवा आहेत. नाव मालकाच्या स्वतःच्या खात्यात नोंदलेले असल्यास होस्टिंग बदलूनही पत्ता तोच राहतो. ब्लॉगस्पॉटसारख्या सेवेचे उपनाव वापरणाऱ्यास ही सोय मिळत नाही. भारताचे '.इन' हे डोमेन २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तर देवनागरीतील '.भारत' २०१४ मध्ये उपलब्ध झाले.

== प्रक्रिया ==

# सर्व फाइली व डेटाबेस यांची प्रत काढून ती स्वतःच्या संगणकावर ठेवली जाते.
# डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याचा कालावधी, आधीच कमी केला जातो. तो ८६,४०० सेकंद (२४ तास) असल्यास किमान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणतात.
# नव्या सर्व्हरवर संकेतस्थळ उभारून त्याची तपासणी होते.
# त्यानंतर डीएनएस नोंद बदलली जाते व नवे सुरक्षा प्रमाणपत्र घेतले जाते.
# जुनी सेवा काही दिवस चालू ठेवली जाते, कारण काही वाचक तोवर जुन्याच सर्व्हरवर पोहोचत असतात.

जुन्या सर्व्हरवरील ईमेल संकेतस्थळाच्या फाइलींबरोबर आपोआप येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी घ्यावी लागते.

== देवनागरी मजकुराचे प्रश्न ==

यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट असतात. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत लॅटिन-१ हे मूळ संकेतन होते. अशा डेटाबेसमध्ये साठवलेले मराठी जुन्या सर्व्हरवर नीट दिसत असे, कारण लिहिताना आणि वाचताना एकच चूक होऊन ती परस्पर फिटत असे. नव्या सर्व्हरने योग्य संकेतन लावताच त्याच जागी लॅटिन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. यात मूळ बाइट शाबूत असतात, म्हणून असा मजकूर बहुधा पूर्ववत करता येतो. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मात्र मूळ मजकूर पुसला गेलेला असतो आणि जुनी प्रत हाच एकमेव उपाय उरतो.

फाइलींच्या नावांबाबतही हाच प्रश्न येतो. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेवरील पानात एखाद्या चित्राच्या फाइलीचे नाव 'चित्रकथी' असे देवनागरीत असेल, तर झिप संचिका उलगडताना ते बदलू शकते. अशा वेळी चित्र सर्व्हरवर असूनही पानावर दिसत नाही.

युनिकोडपूर्व काळातील शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमधील पानांत अक्षरांचे संकेत लॅटिनच असतात. तो फॉन्ट उपलब्ध नसल्यास मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे अशी पाने हलवण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे श्रेयस्कर ठरते.

== पडताळणी ==

जुनी सेवा बंद करण्यापूर्वी जोडाक्षरे असलेला मजकूर, जुने लेख, प्रतिक्रिया, शोधसुविधा आणि चित्रे तपासली जातात. केवळ मुखपृष्ठ नीट दिसणे पुरेसे नसते, कारण बिघाड बहुधा जुन्या नोंदींत असतो.