नांगर शेतातला, नांगर समुद्रातला

आमच्या नामपूरला पाणी म्हणजे मोसम नदीचं. समुद्र कुठला इथे! पण धाकटे भाऊजी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागले नि घरात नवे शब्द आले. एकदा आठ दिवस फोन नव्हता. मग निरोप आला, "जहाज नांगरावर आहे." सासूबाई घाबरल्याच. "अगं बाई, समुद्रात नांगर कशाला? काही बिघडलं तर नाही?"

माझं माहेर अलिबागचं. मी समजावलं, जहाज जागी धरून ठेवायला साखळीने तळाशी सोडतात, त्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाजं अशी थांबतात. तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

मग रोज एक शब्द! डोलकाठी म्हणजे शीड बांधायचा उंच खांब. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. सुकाणू हा शब्द मूळ अरबी. मागची ही फळी वळली की जहाज वळतं. 'संसाराचं सुकाणू' आपण सहज म्हणतो, ते यावरूनच.

मैत्रिणींनो, घरचं माणूस लांब असेल तर त्याच्या कामाचे शब्द शिकून घ्यावेत. निम्मी काळजी तिथेच मिटते.

मोसम गिरणेला, गिरणा तापीला आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे मुलाने नकाशात दाखवलं. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला सासूबाई मोसमेत नारळ सोडतात.