श्वानांची पैदासपूर्व सांधेतपासणी

श्वानांची पैदासपूर्व सांधेतपासणी : खुबा व कोपर यांच्या दुर्विकासाची बाधा असलेले कुत्रे प्रजननातून वगळता यावेत, यासाठी संयोगापूर्वी नर व मादी या दोघांची क्ष-किरणांच्या साहाय्याने केली जाणारी तपासणी. अल्सेशियन (जर्मन शेफर्ड), लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर इ. मोठ्या व वेगाने वाढणाऱ्या जातींत हे विकार विशेषेकरून आढळतात. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींत खुब्याचा दुर्विकास विरळ असतो.

खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचे गोल शीर्ष कटीच्या हाडातील खोलगट उखळीत बसते. बाधित पिलू जन्मतः निर्दोष दिसते. मात्र वाढीच्या काळात सांध्याचे बंध सैल राहिल्याने शीर्ष उखळीत घट्ट बसत नाही. त्यामुळे उखळ उथळ होते, कास्थी झिजते व पुढे वेदनायुक्त संधिशोथ जडतो. कोपराचा दुर्विकास हा अनेक विकृतींचा समूह आहे. पुढील पायाच्या दोन हाडांची वाढ परस्परांशी न जुळणे, हाडाचा लहान तुकडा सुटणे, हाडाचे टोक मूळ हाडाशी न सांधणे, कास्थीचा पापुद्रा निघणे या त्यांपैकी प्रमुख होत.

खुब्याच्या विकाराचे वर्णन अमेरिकन पशुवैद्य जी. बी. श्नेल यांनी १९३५ मध्ये प्रथम केले. तो बहुजनुकीय असल्याने निर्दोष दिसणाऱ्या जोडीपासूनही बाधित पिले होऊ शकतात. शिवाय सांधे सदोष असलेले अनेक कुत्रे तरुणपणी लंगडत नाहीत. वेदना पुढे, अनेकदा पैदास होऊन गेल्यावर, प्रकट होतात. म्हणून केवळ चाल पाहून दिलेला निर्वाळा विश्वसनीय ठरत नाही. आईबापांबरोबर त्यांची भावंडे व पूर्वीच्या वेतातील पिले यांची तपासणीही विचारात घेतल्यास निवड अधिक अचूक होते.

पद्धती : सर्वसाधारण पद्धतीत कुत्र्यास शामक औषध किंवा भूल देऊन उताणे निजवितात. मागील पाय सरळ ताणून परस्परांना समांतर ठेवतात व गुडघ्याच्या वाट्या मध्यभागी येतील असे किंचित आत वळवून चित्र घेतात. शरीर तिरके राहिल्यास निष्कर्ष चुकतो. माजावर असलेल्या मादीत संप्रेरकांमुळे सांधे तात्पुरते सैल होण्याचा संभव असल्याने तो काळ टाळणे इष्ट असते. कोपराचे चित्र तो पूर्ण दुमडून बाजूने घेतात.

ब्रिटनमधील योजना १९६५ मध्ये सुरू झाली. तीत प्रत्येक खुब्यास ० ते ५३ गुण देतात. दोन्ही मिळून बेरीज जितकी कमी तितका सांधा चांगला. अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था खुब्यांचे सात श्रेणींत वर्गीकरण करते व अंतिम दाखला २४ महिन्यांच्या वयानंतरच देते. यूरोपात प्रचलित असलेल्या वर्गीकरणात ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणी आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीत सांध्याचा सैलपणा प्रत्यक्ष मोजतात. ही चाचणी १६ आठवड्यांपासून करता येते. कोपराच्या दोषास ० ते ३ अशी श्रेणी देतात.

परिस्थितीचा परिणाम : आनुवंशिकतेखेरीज आहार व हालचाल यांचाही प्रभाव पडतो. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवरील आजीवन प्रयोगात जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांत खुब्याचे विकार कमी आढळले व त्यांचे मध्यगत आयुष्य ११.२ ऐवजी १३ वर्षे भरले. नॉर्वेतील २०१२ च्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिलांना धोका अधिक, तर मऊ जमिनीवर मोकळे हिंडणाऱ्यांना कमी असल्याचे दिसून आले. सांताक्रूझसारख्या मुंबईच्या उपनगरांत मोठ्या जातींची पिले गुळगुळीत फरशीच्या सदनिकांत वाढतात व मोकळी जमीन दुर्मिळ असते. तेथे या निष्कर्षांना विशेष महत्त्व आहे. तथापि जपणुकीने विकाराची तीव्रता कमी होते, वारशाने आलेली प्रवृत्ती नाहीशी होत नाही. तिचा प्रतिबंध पैदाशीच्या वेळीच करावा लागतो.

भारतातील स्थिती : २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांच्या प्रजनकाने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. मादीचे वय पैदाशीच्या वेळी किमान १८ महिने असावे लागते. अमेरिकन दाखल्यासाठी लागणाऱ्या वयापेक्षा ही मर्यादा सहा महिन्यांनी कमी असल्याने कायद्याने अनुमती मिळाली म्हणजे सांध्यांची परीक्षा पूर्ण झाली, असे होत नाही. मुंबईत पशुवैद्यकीय शिक्षण व उपचार यांचे जुने केंद्र परळ येथे असून तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. उपनगरांतील अनेक खासगी दवाखान्यांतही क्ष-किरण चित्रणाची सोय आहे.

चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था वंशावळीची नोंद ठेवते. वंशावळीच्या दाखल्याने पिलाच्या जातीची शुद्धता कळते, सांध्यांची स्थिती कळत नाही. म्हणून पिलू घेणाऱ्याने आई व बाप या दोघांच्याही खुब्यांचे व कोपरांचे श्रेणीपत्र स्वतंत्रपणे पाहणे हितावह ठरते. सदोष जनावर प्रेमळ सोबती म्हणून सुखाने जगू शकते. मात्र त्याची पैदास करणे योग्य नव्हे.