माळवद आणि त्याची डागडुजी

महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशात, विशेषतः सोलापूर व मराठवाडा या भागांत, मातीच्या सपाट छपरास माळवद अथवा धाबे म्हणतात. कोकणातील अतिवृष्टीत उतरते कौलारू छप्परच टिकाव धरते. पठारावर मात्र पाऊस बेताचा व ऊन कडक, म्हणून जाड मातीचे आच्छादन सोयीचे ठरले. ते घर थंड राखते आणि धान्य वाळविण्यास व उन्हाळ्यात निजण्यास जागाही देते.

माळवदाची रचना थरांची असते. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण आणि त्यांवर चोपलेली माती, असा हा क्रम होय. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात व घराचे मापही खणांनीच सांगितले जाते. वरच्या थरासाठी शेतातील काळी माती चालत नाही. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यासाठी पांढरी माती लागते. जुन्या व्यवहारभाषेत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. छपराची माती आणि वस्तीची भूमी यांस एकच नाव लाभावे, हे अर्थदृष्ट्या लक्षणीय आहे.

पावसाळ्यापूर्वी माळवदाची डागडुजी होते. उगवलेले गवत उपटतात, उंदीर-मुंग्यांची बिळे बुजवितात, नवी पांढरी माती पसरून चोपतात आणि पाण्याचा ओढा पन्हळीकडे राहील असा किंचित उतार देतात. ‘डागडुजी’ या शब्दाचे उत्तरपद फारसी असून त्याचा संबंध शिवण्याच्या क्रियेशी आहे; ‘जरदोजी’ या शब्दातही तेच पद आढळते. डागडुजी म्हणजे मुळात ठिगळ लावणे. जुने काढून टाकणे हा अर्थ त्यात नाही, आणि माळवदाच्या बाबतीत प्रत्यक्ष व्यवहारही तसाच राहिला. दरवर्षी नवी माती पडे, जुनी क्वचितच उतरे. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जाऊन कित्येक घरांत तो एक-दोन फुटांपर्यंत पोहोचला.

या वाढीचा हिशेब सोपा आहे. चोपलेली कोरडी माती घनमीटरला सुमारे १६०० किलोग्रॅम भरते. दहा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीवर एक फूट माती असेल, तर डोक्यावर सुमारे साडेचार टन भार असतो. दोन फुटांस तो नऊ टन होतो. पावसात भिजल्यावर तो आणखी वाढतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. ते सुटले, आणि जेथे तुळया भिंतींवरच टेकलेल्या होत्या तेथे छप्पर मातीसह झोपलेल्या माणसांवर कोसळले. याउलट जेथे लाकडी खणांचे सांधे पक्के होते, तेथे भिंती ढासळूनही खण उभे राहिल्याची उदाहरणे आढळली.

यावरून माळवद त्याज्य ठरत नाही. दुरुस्तीची दिशा तेवढी बदलावी लागते. प्रथम साचलेली माती उतरवावी. भिंतीत गेलेली तुळयांची टोके कुजली वा वाळवीने पोखरली आहेत काय, हे तपासावे आणि खांब व तुळई यांचे सांधे बळकट करावेत. त्यानंतर फळ्यांवर जलरोधक आच्छादन घालून वर मातीचा पातळ थर द्यावा. पाणी अडविण्याचे काम आच्छादनाकडे गेले की जाड मातीची गरज उरत नाही.

छप्पर बदलून काँक्रीट घालावयाचे, तर दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा भार चौरस मीटरला सुमारे २५० किलोग्रॅम होतो. तो एक फूट मातीच्या जवळजवळ निम्मा आहे. तथापि मातीत रचलेल्या जुन्या भिंती तशाच ठेवून त्यांवर स्लॅब टाकणे धोक्याचेच होय. वर्षानुवर्षे ‘डागडुजी’ने भर घालण्याचाच अर्थ बाळगला, माळवदाच्या सुरक्षिततेसाठी उतरविणे हाही अर्थ त्यात सामावावा लागेल.